सुस्कारा

दाढी करताना तिच्या हातून नवऱ्याची मिशी जरा जास्तच कापली गेली, त्यावरून तो नको ते बोलला. मानेखालचं अंग लुळं असलं तरी त्याचा राग धडधाकट होता. ती पाठ फिरवून कपड्यांच्या घड्या घालत बसली.

त्याची खुर्ची तोंडाजवळच्या नळीवर चालायची. नळीत फुंकलं की पुढे. थोड्या वेळाने खुर्ची घरघरत आली आणि तिच्या पाठीशी थांबली.

“नुसता सुस्कारा सोडला, तर ही खुर्चीबया निघालीच,” तो म्हणाला. “मी काही समजूत काढायला आलेलो नाही.”

“बरं,” म्हणत तिने घड्या त्याच्या मांडीवर ठेवल्या.

खुर्ची घरी आली त्या दिवशी तिनेही चालवून पाहिली होती. सुस्काऱ्याने ती जागची हलत नाही. गाल फुगवून, जीव खाऊन फुंकावं लागतं.