धुळाची जागा

"गाणं सोड आता," लालासाहेब म्हणाला.

आकारामनं गाणं सोडलं. दोन वर्षं तो हेच शिकत होता. आधी ओळखीची चाल सरळ वाजवायची, मग ती सोडून आपल्या मनानं फिरून यायचं आणि ठेका न चुकवता परत चालीवर यायचं. पलटणीच्या मेसमध्ये साहेबलोक जेवायला बसले की बँडवाले असंच मऊ जॅझ वाजवत, म्हणे. पलूसच्या या मळ्यात ऐकायला दोन म्हशी होत्या आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

पलटणीच्या बँडमधून पेन्शनीवर आलेला लालासाहेब बाजेवर बसून लाकडावर बोटानं ठेका देत होता, डोळे मिटून. आकाराम सॅक्सोफोनवर चढत गेला, वळला, खाली आला आणि शेवटचा सूर नको तितका ताणून ठेक्याच्या जरा मागून उतरला.

"हां." लालासाहेबाचा चेहरा सैल पडला. "हीच जागा. हुबेहूब धुळा."

धुळा आकारामचा थोरला भाऊ, लालासाहेबाच्याच बँडमधला. सॅक्सोफोन त्याचाच. एकाहत्तरच्या लढाईनंतर तो धुळाच्या ट्रंकेतून घरी आला होता, धुळा आला नव्हता. आकारामनं भावाला वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं. सुट्टीवर येताना धुळा वाद्य आणायचा नाही. तरीही गाणं सोडून कुठंही भटकलं की बोटं त्याच जागेवर येऊन उतरत. पहिल्यांदा असं झालं तेव्हा लालासाहेब बाजेवरून उठून उभा राहिला होता. आकारामला आता या जागेची भीती वाटायची.

"आला व्हय धुळा?" आतून आई, मनुबाई, म्हणाली. "घरी बी असाच उशिरा यायचा. च्या टाकते."

रोज ती तीन कप आणायची आणि वर पलटणीचा पांढरा मग. मगातला चहा धुळाचा. निवला की परड्यात ओतून यायची.

"दादा, मला माझं वाजवायचं हाय," आकाराम लालासाहेबाला हळूच म्हणाला.

"मग ह्ये कुणाचं हाय?"

"माझं न्हाई. वारा माझा, बोटं त्येची."

 लालासाहेबानं फक्त ठेका धरला.

आकाराम पुन्हा चढला, वळला, खाली आला. उतरायच्या जागी तो उतरलाच नाही. दम धरला, एक ठेका मोकळा जाऊ दिला आणि वरच्या सुरावर हलकेच जाऊन थांबला.  हे त्याचं होतं, दुसऱ्या कुणाचंही नव्हतं.

लालासाहेबाचं बोट थांबलं. दारात मनुबाई चहा घेऊन उभी होती.

"ह्ये कुनी वाजीवलं?"

"मी, आई."

"ब्येस वाजीवलंस," ती म्हणाली. दोघांपुढं कप ठेवले, आपला तसाच बाजूला सारला आणि पांढरा मग घेऊन उंबऱ्यावर बसली. तिनं तो चहा पिऊन टाकला, घोट घोट, शेवटपर्यंत.

"लाला, आता सांग. कसा ग्येला त्यो?"

लालासाहेब पेन्शन घेऊन आला तो हेच सांगायला मळ्यात आला होता. लढाई लागली की बँडवाल्यांची वाद्यं कोठीत जातात आणि हातात जखमींचं स्ट्रेचर येतं. पुढचे दांडे माझ्याकडं, मागचे धुळाकडं, एवढंच तो त्या दिवशी बोलला होता. तेवढ्यात मनुबाईनं ट्रंकेतून सॅक्सोफोन काढून त्याच्यापुढं ठेवला होता. आधी वाजीव, म्हणाली होती. मग तो आकारामला शिकवायला लागला आणि रोज वाजवणंच होत राहिलं. तिनं विचारलं नाही आणि त्याचंही निभावलं.

"आकाराम," लालासाहेब म्हणाला. आवाज त्याचा वाटेना. "पुन्यांदा वाजीव रं. पयल्यावानी."

आकारामला त्याची दया आली. त्यानं वाद्य तोंडाला लावलं. चढला, वळला, खाली आला, सूर ताणला. ती जागा आली नाही. त्यानं पुन्हा वाजवलं, मग आणखी एकदा. दोन वर्षं न बोलावता यायची, ती आज बोलावूनही येईना.

मनुबाईनं रिकामा मग उंबऱ्यावर पालथा घातला.

"ऱ्हाऊ दे, बाळा," ती आकारामला म्हणाली. मग लालासाहेबाकडं वळली. "लाला, तू फुडं हुतास. धुळाच्या हातनं दांडं सुटल्याव मागं वळून कवा बघितलंस?"