बाहेरून ओढलेली रेघ

"रेघ नेहमी बाहेरून ओढायची. आतून ओढलीस तर ती माणसाला खाते. आणि रंग विसरायचा नाही. जाणाऱ्याला लाल, राहणाऱ्याला हिरवा."

स्टुडिओचे जुने मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण सकाळी हात जोडून तिने संगणक सुरू केला, की हा आवाज कानाशी येई. ग्रुप फोटोतून कुणाला काढून टाकायचं असेल, तर आधी त्याच्याभोवती लाल रेघ ओढायची, गिऱ्हाइकाला दाखवायची, त्याने मान हलवली की मगच पुसायचं. मोडलेल्या लग्नातला जावई, भांडून गेलेली जाऊ, मागून डोकावणारा आगंतुक पाहुणा, सगळे याच वाटेने गेले होते.

आजचा फोटो तिच्या नवऱ्याच्या कारखान्यातला होता.

पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना. नवी यंत्रं बसेपर्यंत अर्ध्या माणसांना बिनपगारी घरी बसवणार, ही कुजबुज कधीची चालू होती. कुणाला, ते आज दुपारी कळणार होतं. फोटोत काही डोक्यांवर टिंबं दिलेली होती. पाठोपाठ कारखान्यातल्या कारकुनाचा फोन आला.

"टिंबवाल्यांभोवती रेघ द्या, ताई. चांगली जाड. दुपारी साहेब सगळ्यांना बोलावून पडद्यावर दाखवणार आहेत. तोवर कुठे बोलू नका."

"रंग?"

"लाल. लांबून उठून दिसतो म्हणाले."

तिने फोटो मोठा केला. दुसऱ्या रांगेत नवरा उभा होता. त्याच्या डोक्यावर टिंब होतं. शेजारी पहिलवान. त्याचं डोकं मोकळं.

पहिलवान म्हणजे नवऱ्याचा जिवाभावाचा मित्र. अंगाने काडी, म्हणून नाव पहिलवान. परवाच तो जेवायला आला होता. घास हातात धरून म्हणाला, "आपल्यातला एक राहिला आणि एक घरी बसला तर रे?"

"तर काय! राहील त्याने बसलेल्याच्या घरी रोज संध्याकाळी डबा पोचवायचा. स्वतः जाऊन."

"ठरलं! वहिनी, तुम्ही साक्षीदार. पण हा राहिला तर स्वयंपाक तुम्हीच करा हं. याच्या हातचं खाण्यापेक्षा उपास परवडला."

सगळे हसले. सासूबाईही हसल्या, आणि मग औषधाची बाटली उजेडात धरून किती उरलंय ते बघत बसल्या.

तिने कामाला हात घातला. एकेक माणूस सिलेक्ट करायचा, केसांच्या बटा सोडवायच्या, खांद्याची कड नीट धरायची, मग बाहेरून रेघ. बाकीचे सगळे झाले. नवऱ्याला तिने शेवटी ठेवलं होतं.

आणि तिचा हात शेजारी सरकला.

तिला थांबवायला कुणी नव्हतं. साहेबांना दुसऱ्या रांगेतले चेहरे कुठे ओळखू येणार? पडद्यावर जे दिसेल तेच खरं. एक टिंब इकडचं तिकडे झालं, एवढंच. पहिलवानाभोवती लाल रेघ क्षणात बसली, अंगात भरच नव्हता म्हणा. रेघेच्या आत तो सगळे दात दाखवून हसत होता. त्याच्या दोन्ही मुली अशाच हसतात.

तिने डोळे मिटले. माणसाला खाते, मालक म्हणाले होते. पण ही रेघ पहिलवानाला खात नव्हती. तिलाच खात होती.

तिने ती रेघ पुसली. नवऱ्याला सिलेक्ट केलं. त्याचे कान थोडे बाहेर आलेले. त्या कानांच्या कडेकडेने तिने इतक्या हळुवारपणे लाल रेघ फिरवली, की जणू झोपलेल्याला जाग येऊ नये. फोटो पाठवून दिला आणि उठून तोंड धुतलं.

संध्याकाळी ती स्वयंपाक करत होती, पण लक्ष दाराकडे होतं. नवऱ्याच्या आधी पहिलवान डबा घेऊन आला तर? हसून घ्यायचा, तिने मनाला बजावलं. लाज आधीच गिळून ठेवायची, म्हणजे ऐनवेळी घशात अडकत नाही. सासूबाईंसमोर चेहरा पाडायचा नाही. जास्तीची कामं घ्यायची. होईल काहीतरी.

"दाराला काय सोनं लागलंय आज?" सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात नवरा आला. बूट न काढताच उंबऱ्याशी उभा राहिला.

"त्या रेघा तुझ्याच ना? माझा कान काय सुरेख काढलायस! सगळे बघत होते."

तिने पळी उचलली. "हातपाय धुवा. वाढते."

"मागाहून." त्याने आत येऊन फडताळावरचा मोठा डबा उतरवला आणि तिच्यासमोर ठेवला. "आधी हा भर. चौघांना पुरेल इतकं घाल."

ती पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "अहो... आपण भरायचा?"

"मग कोण भरणार? रेघेतले तेवढे कामावर राहिले, बाकीचे घरी. तो म्हणालाय, वहिनींना सांग, मीठ बेताचं."

सासूबाईंनी बाटली खाली ठेवली आणि देवाकडे बघून हात जोडले. तिने डबा भरला, काठोकाठ, झाकण लागेना इतका. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता. नवऱ्याने डब्याला फडकं बांधलं, तो दोन्ही हातांनी सावरून धरला आणि दार ओढून घेऊन पहिलवानाच्या घराच्या दिशेने चालू लागला.