हेमाचं मराठी

मुंबईत दारूबंदी आली, तेव्हा एरवी बदलीच्या नावाने कपाळाला आठ्या घालणाऱ्या शशिकांतरावांनी कलकत्त्याची बदली हसतहसत पत्करली. त्यांची चार वर्षांची हेमा इथेच जन्मली. तिचं बंगाली फर्डं होतं, पण मराठी मोडकंतोडकं.

रविवारी दुपारी कालिंदीबाई हळदीकुंकवाला निघाल्या. "पोरीवर लक्ष ठेवा, आणि बाटलीला हात लावलात तर याद राखा," असं नवऱ्याला बजावूनच त्या उंबऱ्याबाहेर पडल्या.

परतल्या तेव्हा हेमाच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं आणि शशिकांतराव तोंडात चार लवंगा धरून त्यावर ओलं फडकं दाबत होते.

"जिन्यात पडली. पोरं पडायचीच!" ते घाईघाईने म्हणाले.

कालिंदीबाईंनी लेकीला कुशीत घेतलं. "कशी गं पडलीस, बाळा?"

"बाबा पडला," हेमा मुसमुसत म्हणाली.

"बघ हिचं मराठी!" शशिकांतराव मोठ्यांदा हसले. "अगं, 'मी पडले' म्हणायचंय तिला."

हेमाने जोरजोरात मान हलवली.



"ना, आई! बाबा पडला. मी खाली होता."