लेखकाचा हेतू ओळखा

"उताऱ्यात आकडा दिसला की?" राजश्रीने विचारलं.

"माहिती. लेखकाला माहिती द्यायची हाय," हर्षद म्हणाला.

"आणि दोन उत्तरांत अडकलात तर?"

"लांबडं असेल ते."

"बरोबर. उठा आता, एसटी चुकेल."

मालवाहू जहाजावरच्या खलाशांच्या भरतीसाठी कंपनीची इंग्रजीची परीक्षा होती. उतारा, शब्द, व्याकरण. तीनदा नापास झालं की नाव कायमचं बाद, आणि हर्षदची ही तिसरी खेप होती. मासेमारीच्या ट्रॉलरवरचं काम सुटून दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून घर राजश्रीच्या शिकवण्यांवर चालत होतं, आणि गावात बायकोच्या जिवावर जेवणारा म्हणून त्याची ओळख झाली होती. ती ओळख त्याला आतून पोखरत होती.

राजश्रीकडे शिकलेलं पोर इंग्रजीत नापास झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. नवराच तेवढा दगड निघाला होता.

पडवीच्या भिंतीवर सासऱ्यांचा फोटो होता, खलाशाच्या पांढऱ्या कपड्यांतला. ते जहाजावर गेले तेव्हा राजश्री सहा वर्षांची होती. परत आली ती नुसती त्यांची बॅग. तरीही तिने हर्षदला एकदाही नको म्हटलं नव्हतं. उलट रोज पहाटे उठून ती त्याला शिकवायला बसायची. एकेक नियम पंचवीस वेळा लिहून घ्यायची. हर्षदला ते पाहून भरून यायचं.

रत्नागिरीच्या केंद्रात तो संगणकापुढे बसला. पहिलाच उतारा चहाच्या जाहिरातीचा. दहापैकी नऊ घरांत हाच चहा. लेखकाचा हेतू काय? आकडा बघून हर्षदला धीर आला. त्याने ‘माहिती देणे’ निवडलं. पुढे अडला तिथे लांब उत्तर घेत गेला.

अर्ध्या तासात निकाल लागला. नापास.

"आता पुन्हा अर्ज घेता येणार नाही," खिडकीतला कारकून म्हणाला.

स्टँडवर त्याने दोन गाड्या सोडल्या. तिसरीत बसला. गाडी आरे-वारेच्या किनाऱ्याला लागली तसं त्याच्या मनात आलं, इथेच उतरावं आणि सरळ पाण्यात चालत जावं. घंटीच्या दोरीपर्यंत हात गेलाही होता. मग राजश्रीच्या पहाटेच्या जागरणाची आठवण झाली आणि तो बसून राहिला.

घरी पडवीत शिकवणी चालू होती. राजश्रीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला निकाल कळला. वडलांच्या फोटोपुढे जाऊन तिने हात जोडले. डोळे भरले होते.

"बसा. चहा टाकते," म्हणत ती आत गेली.

हर्षद भिंतीला टेकून बसला. शेजारी सहावीतली आरोही लिहीत होती. तिच्या वहीत साबणाची जाहिरात होती. एक लाख घरांची पसंती. खाली तिने उत्तर लिहिलं होतं, मन वळवणे.

"चुकलंस गो," तो थकल्या आवाजात म्हणाला. "आकडा हाय ना त्यात? मग माहिती."

आरोही हसली. "नाय काका. जाहिरातवाले भुलवायलाच आकडे घालतात. आकडा बघून उत्तर लिहिलं की चुकलंच."

हर्षद सरळ होऊन बसला. "आणि दोन उत्तरांत अडकलीस तर?"

"परत उतारा वाचायचा. लांबडं उत्तर हाय म्हणून तेच घ्यायचं नाय. मुद्दाम फसवायला ठेवलेलं असतं."

आत कपबशा वाजल्या. हर्षदने आवाज खाली घेतला.

"कुणी सांगितलंन तुला?"

"बाईंनीच," आरोही स्वयंपाकघराकडे बोट दाखवत म्हणाली. "पहिल्याच दिवशी."