पाणी निवळल्यावर

बंदराचं पाणी एकदाचं निवळलं म्हणून वीस किलोमीटर पोहण्याची शर्यत ठेवली होती. मुलगी पोहत होती, आई सोबतच्या होडीत. पोहणाऱ्याला हात लागला की तो बाद, म्हणून आई काठीला बांधलेल्या पेल्यातून साखरपाणी पुढे करायची. शेजारी पंच डोळ्यांत तेल घालून बसलेला. पेला आईच्या पाणबुड्या नवऱ्याचा. बारा वर्षांपूर्वी गटाराचं तुंबलेलं तोंड मोकळं करायला तो इथंच उतरला, तो वर आलाच नाही. गढूळ पाण्यात शोधणारे हात हलवत परतले. "पाणी निवळलं की बाबा दिसतील," असं सांगतच आईनं मुलीला वाढवलं. नेमकी त्याच जागी मुलगी थांबली, खाली बघत राहिली. "आई, तळ दिसतोय." आईनं काठी होडीत ठेवली. "आणि?" "नुसती वाळू आहे गं." आईनं वाकून तिचे गाल ओंजळीत धरले. पंचानं चष्मा काढून पुसायला घेतला.