एक तारखेचे पैसे

या, असे पुढे सरकून बसा. पूर्वरंग आज लांबवायचा नाही, थेट आख्यानालाच हात घालायचा. मांडवीच्या बाजूला समुद्राकडे तोंड करून एक नवं हॉटेल उभं आहे, तिथली ही गोष्ट. सांगतो ती शेवटपर्यंत ऐका.

तुळसाकाकूंनी दुधाची किटली काउंटरवर अशी आदळली की खिडकीजवळच्या जोडप्याने माना वळवल्या.

"चार लिटर हाय. मोजून घ्या."

काउंटरमागे मॅनेजर अक्षया उभी होती. तिने किटलीकडे पाहिलं, मग काकूंकडे. "तुम्ही सलोनीच्या सासूबाई ना?"

"व्हय. सून अलोऱ्याला गेलीय, बापाला बघायला. म्हणून मीच आणलंय."

"ठेवा तिथे खाली," अक्षया हळूच म्हणाली. "पाणी देऊ, काकू?"

"पाणी नको. कॉफी दे. ती एकशे ऐंशीवाली."

हॉटेल उघडल्यापासून काकूंचं दूध इथे येत होतं. सलोनी सकाळी कामाला येताना किटली आणायची, दुपारपर्यंत इथेच कप विसळायची आणि एक तारखेला दुधाचे पैसे सासूच्या हातावर ठेवायची. लिटरला पंचेचाळीस. पेंडीच्या पोत्याचा भाव कुठल्या कुठे गेला, पण पंचेचाळीसचे शेहेचाळीस काही झाले नाहीत.

त्यातच आषाढात शेजारणीने मोबाइलवर हॉटेलचं दरपत्रक दाखवलं. एक कप कॉफी, एकशे ऐंशी. म्हणजे काकूंच्या चंद्री गायीच्या दिवसभराच्या दुधाचे पैसे यांच्या एका कपात! काकू गावातलं एकही कीर्तन न चुकवणाऱ्या, पण राग कुणाला सुटलाय? दुसऱ्या दिवसापासून किटलीत एक तांब्या पाणी पडू लागलं. ‘पंचेचाळीसला पंचेचाळीसचंच दूध मिळेल,’ असं त्यांनी तुळशीपुढे उभं राहून देवालाही सांगून टाकलं.

आता शिमगा तोंडावर आला होता. मंगळवारी चंद्रीला बघायला गिऱ्हाईक यायचं होतं. लिटरला साठ मिळाले तर गाय राहील, नाहीतर दावं सोडायचं. सलोनीने निघताना चार वेळा बजावलं होतं, "आई, दोन दिवस दूध पाठवू नका, मी हॉटेलात सांगून ठेवलंय." पण काकूंनी ठरवलं, हीच वेळ. मधे कोणी नको.

कॉफी आली. वर फेसाचं पान काढलेलं. काकूंनी ते पान बशीत ओतलं, दोन घोटांत बशी रिकामी केली आणि पदराने तोंड पुसलं.

"आता सांग बाय. ह्यात एकशे ऐंशीचं काय हाय?"

अक्षया चिडली नाही. "बिया चिकमगळूरहून येतात, काकू. यंत्र साडेचार लाखांचं. इथल्या खाऱ्या हवेने त्याला दर दोन महिन्यांनी काहीतरी होतं, माणूस पुण्याहून बोलवावा लागतो. सकाळचे पहिले दोन-तीन कप तर चव जमेपर्यंत ओतूनच देतो आम्ही."

"ओतून? मोरीत?"

"हो."

"शाबास! अन्न मोरीत ओतायचं नि त्याचं बिल लोकांवर फाडायचं. आणि दूध? दुधाला काय देता?"

अक्षयाने काउंटरवरचं फडकं उगाच इकडून तिकडे केलं. "ऐंशी."

काकूंना आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "ऐंशी? लिटरला?"

"काकू, जरा आत बसू या का?"

"आत कशाला? इथेच होऊ दे!" काकूंचा आवाज खिडकीपर्यंत पोचला. "ऐंशी तुम्ही देता, पंचेचाळीस माझ्या हातात येतात. मधले पस्तीस गेले कुठे? आता लागला मेळ! नऊ हजार पगार बाईसाहेबांना, घरात देते साडेतीन. विचारलं तर म्हणे, फंड कापतात. फंड! अलोऱ्याचा फंड! माझी गाय चालली दावणीवरून नि ही माहेर भरतेय!"

"तसं नाहीये."

"तू नको सांगूस. तुम्ही सगळ्या एका माळेच्या." काकूंनी कनवटीचा फोन काढला, मुंबईला मुलाचा नंबर लावला. "अनिलला सांगते. आज तिची ट्रंक अंगणात. परवा यायचं नि तिथूनच उचलून न्यायची. उंबरा ओलांडू देणार नाय!"

पलीकडे घंटी वाजू लागली. अक्षयाने काउंटरवरून हात पुढे करून काकूंचं मनगट धरलं.

"काकू, मी तिला शब्द दिला होता, पण आता बोलते. ऐंशी आम्ही कोल्हापूरच्या दुधाला देतो. तुमचं दूध गणपतीपासून बंद आहे. त्याचा फेस धरत नव्हता."

"खोटं! मग ही किटली रोज कुठे जाते?"

"आमच्या कामगारांच्या चहाला. मालक पैसे देत होते, सलोनीने घेतले नाहीत. म्हणाली, ज्याला फेस नाही त्याचे पैसे कसे घेऊ? फक्त घरी कळू देऊ नका, आईंना लागेल."

काकूंच्या हातातल्या फोनमधून "हॅलो, आई?" असं बारीक ऐकू येत होतं.

"मग," काकू म्हणाल्या, "मला एक तारखेला मिळतात ते पैसे कुणाचे?"

अक्षयाने त्यांचं मनगट सोडलं.

"सलोनीचा पगार एक तारखेलाच होतो, काकू."

मंडळी, उद्या देवापुढे दिवा लावाल, तेव्हा त्या सलोनीची आठवण ठेवा.