चार ते सहा : इतिहास

चार वाजता विहारात शिरलेला गुणवंता साडेपाचला उठला, तेव्हा गालावर चटईचे वळ होते आणि इतिहासाचं पुस्तक मघाच्याच पानावर उघडं होतं. सलग तिसरा दिवस. बी.ए.चा पेपर सोळा एप्रिलला, आज अकरा!

भिंतीवर टाइमटेबल मात्र काय देखणं! लाल-निळ्या पेन्सिलीनं आखण्यातच दोन दिवस गेले होते. रामाकोना गावच्या वस्तीतला हा पहिला बी.ए. होणार, म्हणून मंडळानं विहाराची किल्लीच त्याच्या हाती दिली होती. त्याच्या अभ्यासाच्या वेळा बायापोरांना तोंडपाठ. चार वाजले की रेडिओ बंद, भांडणंसुद्धा बंद. त्या वेळा पाळत नव्हता तो फक्त हाच.

बाहेर चिडीचूप होतं. त्यानं खिडकी ढकलली आणि जागीच थिजला.

कडुनिंबाखाली दहा-बारा पोरी ओळीनं उभ्या होत्या. जयंती तीन दिवसांवर आलेली, गाण्यांची तयारी चालली होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. वस्तीचा म्हातारा गायक कवडू ढोलकीवर गोधडी टाकून नुसती बोटं नाचवत होता. आणि मधोमध गुणवंताची धाकटी बहीण इंदू, गळ्याच्या शिरा ताणून उंच सूर लावत होती. मुकाच.

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं गुणवंताला वाटलं. तो अनवाणीच बाहेर धावला.

"मामा, हे काय करून राहिले तुम्ही?"

"गाणं पक्कं करून राहिलो, बावा," कवडू कुजबुजला. "सहापर्यंत तुह्या इतिहासाचा टाइम हाये ना."

"मोठ्यानं म्हणा! मी नाई वाचून राहिलो."

"आमच्यासाठी कायले खोटं बोलतं?"

"खोटं नाई, मामा. झोपलो होतो. तीन दिवसांपासून रोज झोपूनच राहिलो. एक पान नाई वाचलं, आईशप्पथ!"

बोलून टाकलं एकदाचं. आता म्हाताऱ्यानं एक सणसणीत शिवी हासडावी, पोरींनी हसावं, किल्ली काढून घ्यावी. गुणवंता मान खाली घालून त्याचीच वाट पाहत उभा राहिला. पण शिवी येईना.

कवडूनं त्याचे लाल डोळे पाहिले, गालावरचे वळ पाहिले. ढोलकी गोधडीसकट खांद्याला लावली.

"पाहा वं पोरीहो," तो आणखीच हळू आवाजात म्हणाला, "वाचू वाचू कसं थकलं लेकरू. रातभर जागत असन. चपला हातात घ्या अन् नाल्याकडे चला. ऊन असलं तं असू द्या. उगाच मोडली आपण त्याची झोप."